मोर्चाच्या दिवशीचा ठसका

मस्कतमध्ये जून उजाडला की आमच्या गल्लीतल्या खजुरांचे घड पिवळे पडायला लागतात. नगरपालिकेची माणसं शिडी लावून त्यांना जाळ्या बांधतात. बाहेर पाऊल टाकलं की भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा अंगावर येतो, चष्म्यावर वाफ धरते, आणि अशा हवेत एखाद्या झाडाला काही गोड धरावंसं वाटतं याचं मला इतक्या वर्षांनीही नवल वाटतं. मग एका सकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या बीबींची ताटली येते. मस्कतबाहेर बरका गावाला त्यांच्या भावाची बाग आहे, तिथला पहिला तोडा. हे खजूर आपल्याकडच्या चिकट वाळक्या खजुरासारखे नसतात. टोकाकडून पिकत येतात. अर्धा पिवळा, कुरकुरीत, जीभ आखडवणारा आणि अर्धा तपकिरी, गुळासारखा. मी पहिल्यांदा पिकलेलं तेवढं खाऊन कच्चं टाकून दिलं होतं, तेव्हा बीबी माझ्यावर ओरडल्या होत्या. दोन्ही एकाच घासात खायचं असतं म्हणे.

ही ताटली आली की दर वर्षी मला ते साथीचं वर्ष आठवतं. आठवतं म्हणजे अगदी घशाशी येतं, कारण त्या वर्षीच्या उन्हाळ्याचा वास माझ्यासाठी खजुराचा नाही, करपलेल्या मिरच्यांचा आहे.

त्या वर्षी ताटली उशिराच आली. मस्कतच्या वेशीवर चौक्या बसल्या होत्या, बरक्याचा रस्ता नुकताच कुठे उघडला होता. दुकानाच्या दारात कपाळाला ताप मोजायची बंदूक लावत. मी तेव्हा इंडियन स्कूलमध्ये भूगोल शिकवत होते, म्हणजे लॅपटॉपवरच्या काळ्या चौकोनांना मोसमी वारे समजावून सांगत होते. चौकोनांमागची मुलं बहुधा झोपलेली असत. माझा नवरा अविनाश बांधकाम कंपनीत इंजिनिअर. तो बेडरूममध्ये बसून फोनवर ‘यल्ला, यल्ला’ करत सिमेंटचे ट्रक हाकत होता. आणि आमची एकुलती एक मुक्ता इंग्लंडमध्ये लीड्सला, विद्यापीठाजवळच्या भाड्याच्या घरात अडकली होती. बरोबर तिची मैत्रीण एफुआ. एफुआचे आईवडील घानाचे, ती मात्र जन्मापासून तिथलीच. एप्रिलात मुक्ता तापाने फणफणली तेव्हा रोज तिच्या दाराशी सूपचं भांडं ठेवून दोन पावलं मागे सरकून ‘खाल्लंस का’ विचारणारी हीच मुलगी. मी तिला कधी भेटले नव्हते, पण मनातल्या मनात तिची ओटी भरून झाली होती.

नेहमीची विमानं बंद होती. इथे राहणाऱ्यांना परत यायचं तर सरकारची परवानगी लागे, आणि मग एखाद्या खास विमानात जागा. खूप खेटे घातल्यावर मुक्ताला दोन्ही मिळालं. ताप नाही, खोकला नाही, तरच विमानात चढू देणार. ही जागा हुकली तर पुढची कधी, हे कोणी सांगत नव्हतं. विचारलं की ‘इन्शाल्ला’ म्हणत. त्या शब्दावर माझा एरवी फार विश्वास आहे, पण तो स्वतःच्या मुलीसाठी ऐकावा लागला की पुरत नाही.

आणि त्याच सुमाराला अमेरिकेतला तो व्हिडिओ आला. रस्त्यावर पालथा पडलेला काळा माणूस आणि त्याच्या मानेवर गोऱ्या पोलिसाचा गुडघा. मी तो पूर्ण पाहू शकले नाही. अर्ध्यातून उठून कणीक मळायला घेतली, आणि इतकी मळली की पोळ्या रबरासारख्या झाल्या. मग गावोगाव मोर्चे निघायला लागले. ज्या जगात दोन माणसांना शेजारी उभं राहायची चोरी होती, त्या जगात हजारो माणसं खांद्याला खांदा लावून चालत होती. मला ते बघून भरून यायचं आणि लगेच वाटायचं, अरे बाबांनो, अंतर ठेवा. दोन्ही एकदमच वाटायचं. त्यातलं खरं कुठलं हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, आजही येत नाही.

आमच्या इथल्या मराठी बायकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी त्यावर भारतातल्या टाळेबंदीचे व्हिडिओ येत. भाजी आणायला निघालेल्या कुणाला पोलीस काठीने बडवतायत, कुणाला भर रस्त्यात बेडूकउड्या मारायला लावतायत. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. ‘असंच पाहिजे यांना!’ आणि संध्याकाळी त्याच ग्रुपवर, त्याच बायकांनी लावलेले निषेधाचे काळे चौकोन. मी कुणाला काही बोलले नाही, कारण सकाळी मीही एकदा हसले होते आणि संध्याकाळचा चौकोनही मला मनापासून लावावासा वाटला होता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, एवढं सरळ ते नसतं. कधी कधी बाब्या कोण आणि कार्टं कोण हेच कळेनासं होतं.

रंगाचं म्हणाल तर आमच्या घरात कोणी कुणाच्या रंगाबद्दल वाईट बोलत नाही. आम्ही ‘नाकीडोळी नीटस’ म्हणतो. मुक्ता जन्मली तेव्हा पाळण्यात डोकावणाऱ्या प्रत्येकाने तिला नाकीडोळी नीटस म्हटलं, आणि एवढ्या नीटस बाळाला पाहून सगळे इतके हळहळले का, हे समजायला तिला शाळेत जावं लागलं.

मोर्चाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, तिचा व्हिडिओ कॉल आला. शुक्रवार म्हणजे आमची सुट्टी. अविनाश माझ्या मागे उभा राहून चहा पीत होता.

“आई, उद्या इथे मार्च आहे. एफुआ जातेय. मी पण येते म्हटलंय. आय प्रॉमिस्ड हर.”

“किती लोक असतील?” अविनाशने विचारलं.

“बाबा, मोर्चा आहे. लोक असणारच ना.”

“मास्क लाव. अंतर ठेवून चाल.”

“अंतर ठेवून कसा मोर्चा करतात?” ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

मग ती माझ्याकडे बघायला लागली. मी काय म्हणावं? जा म्हणावं तर विमान जातं, नको म्हणावं तर शब्द जातो. हीच मुलगी बाराखडी शिकत होती तेव्हापासून मी तिला सांगत आलेय की मैत्रिणीला दिलेला शब्द पाळायचा. सूपचं भांडं माझ्या डोळ्यांसमोर होतं. विमानातली ती एकुलती एक जागाही होती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण निदान त्या म्हणीतल्या माणसाला खड्डे कुठे आहेत ते दिसत तरी असतात.

“निघायच्या आधी कॉल कर,” मी शेवटी म्हणाले. “दृष्ट काढते.”

ती हसली. अविनाशने चहाचा कप घेऊन बेडरूम गाठली. या प्रांतात तो कधी पडत नाही.

दृष्ट मी तिची दहावीला काढली होती, पहिल्यांदा इंग्लंडला निघाली तेव्हाही काढली होती. एरवी ती तिन्हीसांजेला काढतात, पण तिन्हीसांजेची वाट बघायला मोर्चा थांबणार नव्हता. आमची दुपार, तिची सकाळ. फोन मी ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा केला. त्यात मुक्ता, अंगात काळा टीशर्ट, तोंडावर मास्क, मागे दारात बूट बांधत वाकलेली एफुआ, तिचे नुसते केस दिसत होते. मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन मी फोनवरून ओवाळायला लागले. आल्यागेल्याची, वाटेची, वाटसराची, असं आमची आई म्हणायची. त्यात त्या दिवशी मी माझ्या पदरची भर घातली. पोलिसाची, गर्दीची, करोनाची. मुक्ताने डोळे मिटून घेतले होते. लहानपणी घ्यायची तसेच.

इथे निखारे कुठले? विजेच्या शेगडीवर तवा तापत ठेवला होता, त्यावर मूठ उलटी केली. आता चूक कुठे झाली ते सांगते. हाताला लागल्या त्या मिरच्या बेडगी नव्हत्या, कोल्हापूरहून आलेल्या लवंगी होत्या. एसीमुळे घरातली एकूण एक खिडकी बंद. आणि घाईघाईत लावलेला पंखा धूर बाहेर नाही, जिन्याकडच्या झरोक्यात ढकलत होता.

पहिला ठसका मला लागला. मग बेडरूममधून अविनाश खोकत आला, त्याचा धक्का लागून फोन ओट्यावरून खाली. “आई? बाबा? यू आर कफिंग! आई!” एवढं ऐकू आलं आणि फोन काळा पडला. आम्ही दोघं नाकातोंडाला पदर आणि रुमाल लावून दार उघडून बाहेर पॅसेजमध्ये आलो, तर ठसका आमच्या आधी तिथे पोचला होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं. खाली कुणीतरी खोकलं. मग एकामागोमाग एक दारं आपटून बंद झाल्याचे आवाज आले. कोणी जिन्यातून ओरडलं, “अरे, कौन बीमार है? हॉस्पिटल फोन करो!” ज्या दिवसांत साधी शिंक आली तरी माणूस चारचौघांत चोरासारखा होई, त्या दिवसांत आम्ही अख्खी इमारत खोकायला लावली होती. शास्त्र असं सांगतं की खरंच दृष्ट लागलेली असेल तर मिरच्यांचा ठसका येत नाही. त्या हिशेबाने मुक्तावर कुणाचीही वाईट नजर नव्हती, हे पाच मजल्यांना कळलं.

समोरचं दार मात्र बंद झालं नाही, उलट उघडलं. बीबी झुवेना. ‘बीबी’ म्हणजे त्यांच्या स्वाहिली भाषेत आजी. सगळी इमारत त्यांना तशीच हाक मारते. उंच, काळ्याभोर, निवृत्त शाळामास्तरीण. कुटुंब मूळचं ओमानी अरब, पण पिढ्यान्पिढ्या पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार बेटावर राहिलेलं, त्यांच्या लहानपणी परत आलेलं. हिंदी त्या गुजराती शेजाऱ्यांकडून आणि सिनेमातून शिकल्या. शालीचं टोक नाकावर धरून त्यांनी आमच्या स्वयंपाकघराकडे नजर टाकली, तवा दिसला, आणि त्या हसायला लागल्या.

“नज़र निकाला? इतना मिर्ची? हम लुबान जलाता है. किसी को मारता नहीं.”

त्यांनी पॅसेजमध्ये दोन टोकांना दोन खुर्च्या मांडायला लावल्या. अविनाश आत फोन शोधायला गेला. मी डोळे पुसत बीबींना सगळं सांगितलं. लीड्स, एफुआ, विमान, मोर्चा. त्यांना बरं वाटेल, आमच्या मुलीबद्दल चार शब्द चांगले बोलतील, अशा आशेने मी म्हणाले, “बीबी, मेरी बेटी आपके लोगों के लिए जा रही है.”

त्यांनी शाल नाकावरून खाली घेतली.

“हमारे लोग? कौन से वाले?”

भूगोल शिकवणारी बाई मी. कोण कुठला हे मला विचारा, असा माझा तोरा.

“हम इतना छोटा था,” त्यांनी हात खुर्चीच्या उंचीवर धरला. “उधर भीड़ आया. बोला, तुम अरब है. हमारे बाजू का घर में... खलास. माँ ने हमको पीछे का दरवाज़ा से निकाला. इधर आया तो इधर का लोग बोला, ये तो अफ़्रीका वाला है, अरबी भी नहीं आता.” मग त्या म्हणाल्या, “और हमारे दादा का घर में नौकर था. वो भी काला, हम भी काला. वो ज़मीन पर खाता था. अब तुम बोलो, हमारे लोग कौन.”

जिन्यात अजून कुणीतरी घसा खाकरत होतं. मला वाटलं, आता या रागावणार, पण त्या रागावल्या नव्हत्या. त्या खरंच विचारत होत्या.

“हम भी टीवी देखता है, जुलूस,” त्या म्हणाल्या. “दिल बोलता है, जाओ, जाओ. पैर बोलता है, दरवाज़ा बंद करो. भीड़ से डर लगता है. अच्छा भीड़ हो तो भी.”

“तो मैं बेटी को क्या बोलूँ, बीबी?”

त्या वयाच्या बाईकडून, त्या रंगाच्या, एवढं पाहिलेल्या बाईकडून मला पक्कं उत्तर हवं होतं. हो किंवा नाही, काहीही चाललं असतं.

“मालूम नहीं,” बीबी म्हणाल्या आणि घरात जाऊन लोबानाची धुनी घेऊन आल्या. पॅसेजभर फिरवली. मिरच्या आणि लोबान मिळून जो वास झाला तो मला आजही नावाने सांगता येणार नाही.

माझा फोन काळाच होता, अविनाशचा चालू होता. तो म्हणाला, मी मुक्ताला तेव्हाच मेसेज केलाय. त्याने दाखवला. ‘मिरच्या होत्या. सगळं ठीक. तू नीघ.’ ‘तू नीघ’ मी दोनदा वाचलं. हा माणूस मला न विचारता एवढं ठरवून मोकळा झाला होता! आणि त्याच क्षणी मला त्याचा हेवा वाटला.

संध्याकाळी मुक्ताचा कॉल आला. ती मोर्चाला गेली नव्हती.

“तुम्ही खोकत होता, फोन बंद झाला. मला वाटलं तुम्हाला झालंय. कशी जाऊ? बाबांचा मेसेज खूप लेट आला. नेट गेलं होतं इथे.”

“मग एफुआ?”

“ती गेली. एकटी.”

मी देवाजवळ दिवा लावला. लावताना हायसं वाटत होतं, आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटत होती. आणि तिसरंच काहीतरी होतं, जे मी कोणाला सांगितलं नाही. मी हिरमुसले होते. आपली मुलगी त्या गर्दीत चालतेय असं चित्र मी दुपारभर डोळ्यांसमोर धरलं होतं, आणि आता ते कुणीतरी पुसलं होतं.

मुक्ता ठरल्या विमानाने आली. तिच्या मनगटावर पाळतीचा पट्टा बांधला आणि तिला तिच्याच खोलीत पंधरवडाभर बंद केलं. मी दाराशी ताट ठेवायचे आणि दोन पावलं मागे सरकायचे. बीबींची खजुराची ताटली त्याच दिवसांत आली, तीही तिथेच ठेवली.

“एफुआचा फोन?” मी दाराबाहेरून विचारलं.

“बिझी असेल ती.”

“रागावलीय का?”

“नाही गं. ती रागावत नाही.” मग बराच वेळ नुसत्या बिया ताटलीत पडल्याचे आवाज.

पुढे साथ ओसरली. मुक्ता परत गेली, तिथेच नोकरीला लागली. एफुआने दुसऱ्या गावी नोकरी धरली. भांडण असं झालं नाही. वाढदिवसाला मेसेज, एवढं राहिलं. आणि आमच्या घरात मिरच्यांची गोष्ट अजरामर झाली. गणपतीत, दिवाळीत, कोणी पाहुणे आले की अविनाश फर्माईश करतो आणि मी साभिनय सांगते. आईने दृष्ट काढली, अख्खी इमारत खोकली आणि लेकीचा मोर्चा हुकला. लोक पोट धरधरून हसतात. मुक्ताही कॉलवर असली की हसते. तिचं हसणं नेहमी जरासं आधीच सुरू होतं, गोष्ट संपायच्या आत, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण ते कशामुळे याचा मी विचार केला नव्हता.

यंदाची ताटली गेल्या आठवड्यात आली. मी ती पुढ्यात घेऊन बसले होते आणि मुक्ताचा कॉल आला. तिच्या शेजारी कोणी बसलं होतं. केसांवरून मी लगेच ओळखलं. एफुआ कामासाठी लीड्सला आली होती आणि मुक्ताकडे उतरली होती. इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. नाकीडोळी नीटस, असं माझ्या मनात आलं, आणि माझी मलाच शिसारी आली, आणि ती खरंच नाकीडोळी नीटस होती. आता सांगा, करायचं काय?

मग मी तिला माझ्या वर्गातल्या इंग्रजीत मिरच्यांची गोष्ट सांगितली. साभिनय. तवा, पंखा, जिना. ती खळखळून हसली. शेवटी मी हात जोडून म्हणाले, “तेव्हा चूक माझी आहे गं बाई. माझ्या मिरच्यांमुळे ही तुझ्याबरोबर आली नाही.”

या वेळी मुक्ता हसली नाही.

“आई, बस कर,” ती मराठीत म्हणाली. “बाबांचा मेसेज तेव्हाच आला होता. नेट वगैरे काही गेलं नव्हतं. एफुआ दारात उभी होती. मी मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला, आणि तिला म्हटलं, आईबाबा आजारी आहेत, तू जा. मिरच्या नव्हत्या गं. मी घाबरले. पोलिसांना, गर्दीला, विमान चुकेल त्याला... मला आता आठवत पण नाही कशाला. पाय निघाले नाहीत.”

एफुआ तिच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. मराठी तिला कळत नाही, पण आवाज कळला असणार.

“आँटी, काय म्हणाली ही?” तिने इंग्रजीत विचारलं.

मी मुक्ताकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, होही नाही आणि नाहीही नाही. लहानपणी घ्यायची तसे डोळे मिटून घेतले होते.

“तूच सांग, आई. मला नाही जमत.”

पाय निघाले नाहीत, याला इंग्रजीत काय म्हणतात मला येईना. मी हातातला खजूर ताटलीत ठेवला आणि जेवढं जमलं तेवढं सांगितलं. म्हणाले, मिरच्या नव्हत्या. ही घाबरली होती. मीही घाबरले होते. तुला एकटीला जाऊ दिलं.

एफुआ म्हणाली, “भीती तर मलाही वाटत होती, आँटी. म्हणून तर हिला बरोबर चल म्हटलं होतं.”